वाडी कुठली, हे विमानालाही विचारतात

धक्क्यावर ठेकेदार बदलला की नवा कारकून येतो आणि नवं रजिस्टर उघडतो. मग रांगेत उभं राहायचं आणि नाव सांगायचं. नाव? सांगतो. पूर्ण नाव? तेही सांगतो. माझं आडनाव अस्सल कोकणातलं. मराठ्यांत सापडतं, कुणब्यांत सापडतं, आमच्यातही सापडतं. कारकुनाचं पेन अडखळतं. गाव? सांगतो. गावाने काही कळत नाही. मग तो वर बघतो, जरा गोड होतो, आणि ज्या प्रश्नासाठी एवढा खटाटोप चालला होता तो विचारतो.

वाडी कुठली?

तुम्ही मुंबई-पुण्याची पोरं, तुम्हांला हे कदाचित पटकन कळणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वाडी कळली की माणूस कळला. मराठवाडी, कुणबीवाडी, तेलीवाडी, आणि गावाच्या टोकाला, पऱ्ह्याच्या पलीकडे, बौद्धवाडी. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. समतानगर म्हणा, भीमनगर म्हणा. बरं केलं. कारकुनाचा प्रश्न तोच राहिला. भीमनगर म्हटल्यावर त्याला आता अर्धा सेकंद कमी लागतो, एवढाच फरक.

बौद्धवाडी म्हटल्यावर शिवी मिळत नाही. तो जमाना गेला असं पेपरवाले म्हणतात. फक्त टोळ्या पडतात तेव्हा जहाजाच्या पोटात, हॅचच्या तळाशी, धुळीत उतरणाऱ्या टोळीत माझं नाव असतं. वर कठड्याशी उभं राहून क्रेनला हाताने सिग्नल देणाऱ्यांत नसतं. तीन ठेकेदार बदलले. माझी जागा बदलली नाही.

आता हे सगळं सांगायचं कारण विमान.

रत्नागिरीत तटरक्षक दलाची धावपट्टी आहे, मिरजोळ्याकडच्या माळावर. तिथून उठलेलं हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावरून जातं. हॅचच्या तळातून आभाळाचा चौकोनी तुकडा दिसतो, त्या चौकोनातून ते एका क्षणात पार होतं. मला नेहमी प्रश्न पडायचा, खाली बसलेल्या माणसाला कसं कळतं की हे आपलंच? मग वाचायला लागलो. मॅट्रिक माणूस, इंग्रजी ठेचा खात वाचतो. पण हातात मोबाइल आहे आणि रात्र आपल्या बापाची आहे. वाचता वाचता कळलं की च्यायला, विमानालाही वाडी विचारतात.

त्या यंत्राला आयएफएफ म्हणतात. आपला की परका ओळखायचं यंत्र. रडारला आभाळात एक ठिपका दिसतो. ठिपक्याला तोंड नसतं, झेंडा नसतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची नेमकी हीच पंचाईत झाली आणि त्यातून हे यंत्र वापरात आलं. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो. विमानातली पेटी १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देते. प्रवासी विमानंही याच आकड्यांवर बोलतात. लष्करी विमानाचं उत्तर मात्र गुप्त लिपीत असतं, आणि त्या लिपीची किल्ली बदलत राहतात. शत्रूने कालचं उत्तर चोरलं तरी आज ते शिळं.

यातली गोम नीट ऐका. हे यंत्र शत्रू ओळखत नाही. त्याला ते येतच नाही. बरोबर उत्तर आलं तर ते ‘मित्र’ म्हणतं. उत्तर आलं नाही तर त्याला एवढंच ठाऊक असतं की उत्तर आलं नाही. पेटी बंद असेल, बिघडली असेल, किल्ली चुकली असेल, किंवा खरोखरच परका असेल. त्या न आलेल्या उत्तराला ‘शत्रू’ हे नाव खोलीत बसलेला माणूस देतो. भीतीने देतो, घाईने देतो, वरून हुकूम आला म्हणून देतो.

२७ फेब्रुवारी २०१९ ला असंच झालं. आदल्या दिवशी बालाकोट झालेलं. सकाळी पाकिस्तानची विमानं आली. इकडे श्रीनगरच्या तळावरून आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर उडालं होतं. श्रीनगरहूनच सुटलेल्या आपल्या क्षेपणास्त्राने ते बडगामला पाडलं. हवाई दलाचे सहा जण गेले, आणि जमिनीवर उभा असलेला एक काश्मिरी गेला. सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. हेलिकॉप्टरची आयएफएफ पेटी चालू नव्हती असं नंतर पेपरांत आलं. ऑक्टोबरात हवाई दलप्रमुख भदौरियांनी ही आपली मोठी चूक झाली असं जाहीर कबूल केलं. तोवर लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती आणि घसे बसेपर्यंत घोषणा देऊन झाल्या होत्या.

त्याच सकाळी विंग कमांडर अभिनंदन यांचं मिग-२१ बायसन पलीकडे पडलं. मागे फिर असा हुकूम त्यांना रेडिओवरून दिला होता, पण जॅमिंगमुळे तो त्यांच्या कानापर्यंत पोचला नाही, असं तेव्हा छापून आलं. म्हणजे एकाच सकाळी एकाला आपली माणसं ओळखता आली नाहीत आणि एकाला आपल्या माणसांचं ऐकू आलं नाही. मिशा सगळ्यांच्या लक्षात राहिल्या. रेडिओ कुणाच्या लक्षात राहिला?

जॅमिंग म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. क्रेनवाला उंचावर, सिग्नलवाला कठड्याशी, आम्ही खाली. शेजारच्या जहाजाचा भोंगा वाजला की शिट्टी बुडते. हा साधा गोंगाट, ताकदीचा खेळ. दुसरा प्रकार बेरकी. समजा, कुणी अगदी तशीच शिट्टी वाजवायला लागला, पण अर्धा सेकंद उशिरा. क्रेनवाल्याला वाटणार सिग्नल मिळाला, आणि स्लिंगमधला माल भलत्या जागी उतरणार. विमानातल्या आजच्या पेट्या हेच करतात. शत्रूच्या रडारची लहर पकडायची, साठवायची, जरा बदलून परत फेकायची. रडारला विमान दिसत राहतं, पण जिथे आहे तिथे दिसत नाही. जुनी तऱ्हा तर अगदीच साधी होती. जुलै १९४३ ला इंग्रजांनी हांबुर्गवर बाँब टाकायला जाताना ॲल्युमिनियम लावलेल्या कागदाच्या पट्ट्या ढिगांनी हवेत सोडल्या. जर्मन रडारवर नुसता पाऊस. विमान कुठलं नि कागद कुठला, कळेना.

आणि एक पेटी असते जी बोलतच नाही, फक्त ऐकते. तुझ्यावर कुणाचं रडार रोखलं आहे, कुठल्या बाजूने, कुठल्या जातीचं, एवढं वैमानिकाला सांगते. आपल्या देशात बनलेल्या अशा पेटीचं नाव ‘तरंग’. मिग-२१ बायसनवर होती, सुखोईवर आहे. हे वाचताना मला आई आठवली. रात्री वाडीच्या वाटेवर पाय वाजला की ती पडल्या पडल्या सांगायची, आपला आहे, झोप. किंवा काहीच बोलायची नाही, उठून कंदील बारीक करायची. तिला कुणी ही पेटी बसवून दिली नव्हती.

‘तरंग’ बनवणारी माणसं बंगळूरूला बसतात. १९८६ मध्ये डीआरडीओने तिथे एक छोटी संस्था काढली, आज तिला डेअर म्हणतात. हैदराबादला दुसरी जुनी प्रयोगशाळा आहे, डीएलआरएल, तीही याच कामाची. ह्या लोकांचं काम मी हलकं लेखणार नाही. ११ जानेवारी १९९९ ला उडतं रडार बनवण्याच्या चाचण्या चालल्या असताना पाठीवर भलीमोठी तबकडी बसवलेलं विमान अरक्कोणमजवळ कोसळलं. आठ माणसं मेली, त्यांत चार शास्त्रज्ञ होते. ते काम तिथे थांबलं, मग नव्याने सुरू झालं, आणि २०१७ मध्ये ‘नेत्र’ हवाई दलात आलं. त्याच १९९९ च्या मे महिन्यात कारगिलला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं. चार जण गेले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर नव्हते. फ्लेअर म्हणजे उष्णतेच्या मागे धावणाऱ्या क्षेपणास्त्राला फसवणारे जळते गोळे. विद्युत-युद्ध हा शब्द मोठा वाटतो. प्रत्यक्षात ती चार माणसं आणि न बसवलेली एक पेटी.

आपल्या महाराष्ट्रात ह्या सगळ्याचं शरीर बनतं, ओझरला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ मध्ये, मिगचा कारखाना नाशिकजवळ आला. मिग-२१ झाली, मिग-२७ झाली, मग सुखोई-३०, दोनशेच्या वर. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला आणि १७ ऑक्टोबरला ओझरमध्ये बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. ज्या नाशकात २ मार्च १९३० पासून आमची माणसं काळारामाच्या दारात उभी राहिली आणि दार उघडलं नाही, त्याच नाशकाच्या शिवेवरून हे विमान उठलं. मला त्याचा आनंद झाला. होय, झाला. देवळापेक्षा कारखाना मला केव्हाही जवळचा. आयटीआय केलेला आमचा पोरगा अशा कारखान्यात फिटर म्हणून लागला की घरी पत्र्याच्या जागी स्लॅब पडतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

पण फिटर पेटी बसवतो. पेटीने काय विचारायचं, कुणाला मित्र म्हणायचं, हे दुसरीकडे ठरतं. तिथे कोण बसलं आहे?

आमच्या जिल्ह्याला हे भांडण नवं नाही. दापोली हे पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या महार शिपायांचं ठाणं. गोपाळबाबा वलंगकर १८८६ ला निवृत्त होऊन तिथे राहिले. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तिथे राहिले. त्यांचं मूळ गाव आंबडवे, ह्याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात. १८९२-९३ च्या सुमाराला इंग्रजाने ठरवलं की काही जाती जन्मजात लढवय्या, बाकीच्या नव्हेत, आणि महारांची भरती बंद केली. कोरेगावला १ जानेवारी १८१८ ला ज्यांची छाती चालली, त्यांची वाडी एकाएकी चालेना. वलंगकरांनी १८९४ मध्ये सरकारला अर्ज लिहिला की आमची भरती पुन्हा सुरू करा. पुढे पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी केली. लढाई संपली, १९२१ ला मोडली. काम झालं, जा घरी. मग १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४६ ला तिला मशीनगन रेजिमेंट केलं.

आमच्या वाडीत तिचे एक पेन्शनर आहेत. पासष्टची आणि एकाहत्तरची, दोन्ही लढाया बघितलेले. मी आयएफएफचं सांगितलं तर म्हणाले, “म्हंजे बंदूक कुनावर रोखायची ह्ये मशीन सांगनार? आमच्या टायमाला सायब सांगायचा.” मी म्हटलं, आबा, आताही साहेबच सांगतो, मशीनच्या आडून. ते हसले. त्यांना एक डोळा नाही.

बंदुकीपर्यंत आपल्याला पोचवणारा माणूस बंदुकीवर थांबला नव्हता, हे आपण विसरलो. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं लांबलचक निवेदन दिलं. त्यातला शिक्षणाचा भाग वाचा. कायद्याच्या आणि आर्ट्सच्या पदव्यांनी आपल्या लोकांचं फारसं भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रविद्येचं वरचं शिक्षण पाहिजे, ते आपल्या ऐपतीबाहेरचं आहे, म्हणून त्याचा खर्च सरकारने उचलावा, अशी सरळ मागणी आहे. सगळं जग पेटलेलं असताना हा माणूस प्रयोगशाळेची फी मागत होता. त्याला दिसत होतं की पुढची लढाई कुठे आहे.

आणि आपण? आपण कवी झालो. माझ्यासकट. ह्या मासिकाच्या गेल्या अंकात माझ्या दोन कविता होत्या. वीज हा शब्द दोन्हींत होता. विजेचा दाब म्हणजे काय ते मला मागच्या महिन्यात कळलं. कवितेला शिव्या देत नाही मी. तिने मला हॅचमधून वर काढलं. पण भाषण, कविता, वकिली आणि मास्तरकी ह्या चार खोल्यांत आपण पन्नास वर्षं फिरतो आहोत. पाचव्या खोलीचं दार कुणी कधी लावून घेतलं, इकडे आपलं लक्षच नव्हतं.

कधी लावलं ते सांगतो. २३ जून १९७५. दिल्लीहून एक कार्यालयीन पत्रक निघालं. दोन दिवसांनी आणीबाणी आली, त्या धुरळ्यात पत्रक कुणाला दिसणार? त्यात लिहिलं होतं, जी पदं वैज्ञानिक किंवा तांत्रिक म्हणून ठरवलेली आहेत, ज्यांवर संशोधन चालतं किंवा संशोधनाची आखणी होते, त्याला दिशा दिली जाते, आणि जी वर्ग एकच्या सगळ्यांत खालच्या पायरीच्या वरची आहेत, त्या पदांना अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण लागू नाही. पहिल्या पायरीवर या. दुसऱ्या पायरीपासून गुणवत्ता सुरू होते. जणू पहिल्या पायरीवर येताना पोरगं गेट परीक्षा नापास होऊन आलेलं असतं!

खोटं बोलणार नाही. डीआरडीओच्या ‘सायंटिस्ट बी’च्या जाहिरातीत राखीव जागा असतात, छापून येतात, भरतातही. पण वर कोण जाणार हे मुलाखतीच्या मंडळावर ठरतं, आणि कुठला रडार आधी, कुठली पेटी कुणाकडून, कुठल्या कंपनीला काम, हे वरच्या मजल्यावर ठरतं. पुन्हा २००६ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांच्या आरक्षणाचा कायदा आला तेव्हा त्याला एक यादी चिकटवली. ह्या संस्थांना कायदा लागू नाही. त्यांत तुमच्या मुंबईतली टीआयएफआर आहे. कुलाब्याला समुद्राकाठी आहे, बाहेरून बघून या.

आमच्या बाजूच्या वाडीतला एक पोरगा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर झाला. बापाने रेती उपसून शिकवला. एका सरकारी ठिकाणी मुलाखत झाली, कुठल्या ते लिहीत नाही. पहिली दहा मिनिटं फिल्टर, अँटेना, नॉइज. याने धडाधड उत्तरं दिली. मग एकाने फाईलमधून डोकं वर काढून विचारलं, गाव कुठलं? रत्नागिरी. रत्नागिरीत कुठे? याने सांगितलं. त्यानंतर तांत्रिक प्रश्न एकही आला नाही. छंद विचारले. आता तो चिपळूणकडे मोबाइल टॉवरच्या देखभालीवर आहे. दीडशे फूट चढतो. वरून सगळं दिसतं म्हणतो.

मुंबईचा एक कार्यकर्ता दोस्त आहे, वाचलेला माणूस. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो उसळला. युद्ध भांडवलदारांचं, शस्त्रं भांडवलदारांची, आणि तू त्यात आपल्या पोरांना जागा मागतोस? २०२५-२६ चं संरक्षणाचं बजेट ६ लाख ८१ हजार कोटी. २०१६ मध्ये ३६ राफेल विमानं ५९ हजार कोटींच्या आसपास घेतली. त्या सौद्याच्या बदल्यात इथे जे काम यायचं होतं त्यातला तुकडा नागपूरच्या मिहानमध्ये एका बड्या घराण्याच्या भागीदारीतल्या कंपनीला मिळाला. दीक्षाभूमीचं नागपूर! आणि गटारात उतरणाऱ्या माणसाला आत विषारी वायू आहे का ते सांगणारी पेटी अजून मिळत नाही. हाताने मैला साफ करायला लावू नये असा कायदा २०१३ चा. मग?

त्याचं खोटं नाही. गटाराची पेटी तर मलाही पाहिजे, आधी पाहिजे. आभाळातल्या कुठल्या ठिपक्यावर कुणाचं रडार रोखलं आहे हे सांगणारं डोकं ज्या देशात आहे, त्याला मॅनहोलच्या तोंडाशी वायू मोजता येत नाही, हे कुणी मला समजावू नये. येतं. करायचं नसतं. पण गटाराची पेटी बनवायची की फक्त विमानाची, हे जिथे ठरतं तिथे गटारात उतरणाऱ्याचा पोरगा बसलेला नाही म्हणूनच तर करायचं नसतं. दोस्ता, तू म्हणतोस ती खोली घाणेरडी आहे. असेल. मला आत जाऊन बघू दे. बाहेरून सगळ्याच खोल्या घाणेरड्या म्हणून आपण आयुष्यभर पडवीत बसलो.

दुसरं, ह्या यंत्रांचं तोंड फक्त सरहद्दीकडे असतं असं समजू नकोस. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर आमच्या किनाऱ्यावर खलाशांना ओळखपत्रं आली. येऊ देत, माणसं मेली होती. पण मिरकरवाड्यातल्या मुसलमान खलाशाला कार्ड दाखवूनही दुसरा प्रश्न विचारतात. तो प्रश्न कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. २०१८ ला कोरेगाव भीमाला आमच्या लोकांवर दगड पडले आणि वर्षभरात तुरुंगात भलतेच लोक गेले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका तपास-प्रयोगशाळेने अहवाल दिला की रोना विल्सन यांच्या कॉम्प्युटरमध्ये पुराव्याची कागदपत्रं बाहेरून घुसून ठेवली होती. म्हणजे यंत्राने खोटी शिट्टी वाजवली, अर्धा सेकंद उशिराची. आनंद तेलतुंबडे स्वतः इंजिनियर, आयआयटीत शिकवलेला माणूस. १४ एप्रिल २०२० ला, बाबासाहेबांच्या जयंतीला, त्यांना हजर व्हावं लागलं. जामीन मिळायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. त्यांनी आयुष्यभर सगळ्या प्रश्नांची उत्तरं छापील दिली होती, कुठलीही पेटी बंद ठेवली नव्हती. तरी खोलीतल्या माणसाने ठरवलं, शत्रू.

मे २०२५ मध्ये पुन्हा चार दिवस लढाई झाली. आमच्या धक्क्यावर सगळ्यांचे मोबाइल पेटलेले. कोण किती पाडली ते सांगत होता, कोण कुणाला पाकिस्तानात पाठवत होता. ३१ मे ला सिंगापूरमध्ये संरक्षणदलप्रमुख चौहान यांनी आपलीही विमानं पडली हे मान्य केलं, आकडा दिला नाही. त्या चार दिवसांत ठेकेदाराचा कारकून मला म्हणाला, तुमच्या लोकांची पण रेजिमेंट आहे ना रे, चांगली लढते म्हणे. पहिल्यांदाच त्याने वाडीचं नाव अभिमानाने घेतलं. दहा तारखेला युद्धविराम झाला. सोमवारी मी तळाच्या टोळीत.

तर मागणी. १९७५ चं ते पत्रक रद्द करा. अर्धवट दुरुस्ती नको. संशोधन ठरवणाऱ्या पदांवर, वरच्या मजल्यापर्यंत, आरक्षण लागू करा. २००६ च्या कायद्याला जोडलेली यादी फाडा. आणि प्रत्येक तालुक्याच्या शाळेत, आमच्या वाडीची पोरं जिथे जातात त्या शाळेत, कुलूप लावलेली प्रयोगशाळा उघडा. माझ्या शाळेत ती होती. दहा वर्षांत आम्ही तिच्यात एकदाच गेलो, निवडणुकीच्या पेट्या ठेवायला बाकं सरकवायची होती तेव्हा.

ह्या प्रयोगशाळांत वरच्या ग्रेडवर, एफ, जी, एच ह्या पायऱ्यांवर, आमचे किती जण आहेत हा आकडा मी शोधत होतो. माहितीच्या अधिकारात मागू म्हटलं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सला तो कायदा लागू आहे, भारत इलेक्ट्रॉनिक्सला लागू आहे. डीआरडीओला नाही. २००५ च्या कायद्याच्या चोविसाव्या कलमाने, दुसऱ्या परिशिष्टात, गुप्तचर खात्यांच्या पंगतीत तिलाही वगळलं आहे. क्षेपणास्त्राचा पल्ला गुप्त ठेवा, हरकत नाही. कांबळे किती आणि कुलकर्णी किती, हे कळल्याने कुठलं विमान पडणार आहे? कलमाला एक फट ठेवलेली आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग, एवढ्यापुरती माहिती द्यावी लागते. आमचा प्रश्न दुसऱ्यात बसतो असं मी लिहिलं आहे. ते काय म्हणतात बघू.

दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर काढली. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, कसला अर्ज? म्हटलं, विमानाचा. अर्जाखाली पूर्ण नाव आणि पत्ता लिहावा लागतो. मी लिहिला. मु. पो. च्या आधी, ठळक अक्षरांत, वाडी.